भट्टीघरातला निरोप

१

दुपारी सगळं गाव आडवं व्हायचं. खाणीतली माणसं दगडांच्या सावलीला, बायका घरात, कुत्री उसाच्या पाटात. बहीजा तेवढी झोपायची नाही. दुपारी झोपतात ती एक तर आजारी माणसं नाहीतर श्रीमंत, आणि देवाच्या कृपेनं आपण दोन्हीही नाही, असं ती जरा तोऱ्यातच सांगायची. जेवणाची भांडी आवरली की ती भट्टीघरात जाऊन पीठ चाळत बसे.

भट्टीघर म्हणजे अंगणाच्या उत्तरेची एक बुटकी खोली. अर्धी जागा मातीच्या भट्टीनं खाल्लेली, उरलेल्या अर्ध्यात पिठाची पिंपं, सरकीच्या तेलाचा डबा आणि पाण्याचा रांजण. छत इतकं खाली की बहीजाचा मुलगा वदीद आत आला की मान वाकवूनच उभा राहायचा. उजेडाला वर एक झरोका. भट्टी आठवड्यातून एकदाच पेटायची आणि बाकीचे दिवस घरातली सगळ्यात थंड जागा तीच. म्हणून बहीजाची सून फेब्रोनिया गेले काही महिने दुपारची तिथंच चटई टाकून पडायची. तिला नववा महिना लागला होता.

हे तिचं तिसरं बाळंतपण. पहिलं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. दुसरं पूर्ण दिवसांचं होतं, पण जन्मताना गेलं. "दारापर्यंत येतं आणि माघारी फिरतं," असं गावची दाई ज़रीफा दोन्ही खेपेला म्हणाली होती. त्या बोलण्याचा बहीजाला राग आला होता, कारण ते खरं होतं.

या खेपेला बहीजानं नवस बोलला. चर्चच्या पंचांगातल्या बऊना महिन्याच्या बारा तारखेला देवदूत मिखाईलचा सण असतो. त्या दिवशी घरोघर त्याच्या नावानं फतीर भाजतात, म्हणजे जाड गोड रोट्या, वर क्रूसाचा ठसा मारलेल्या. सण उपवासात येतो म्हणून दूध-तूप चालत नाही, सरकीचं तेल घालायचं. आणि स्वतः तोंडात घालायच्या आधी वाटायचं. शेजाऱ्याला, भिकाऱ्याला, दारात जो कोणी येईल त्याला. फेब्रोनियाचे दिवस नीट भरले तर अख्ख्या गल्लीला पुरतील इतके फतीर करीन, असं बहीजा चर्चमध्ये देवदूताच्या तसबिरीसमोर बोलून आली होती. दिवस भरत आले होते. ती रोज थोडं थोडं पीठ चाळून ठेवत होती.

बऊनाची चार तारीख होती. चाळणी एका लयीत चालली होती. फेब्रोनिया कुशीवर झोपली होती. आणि कुणीतरी म्हणालं,

"भिऊ नको."

"कोण भितंय?" बहीजा म्हणाली. हात थांबला नाही. चाळणीचे आणखी चार-पाच हेलकावे झाले, आणि मग थांबला.

फेब्रोनिया झोपेतच होती. आवाज बाईचा नव्हता.

२

बहीजा काही भुताखेतांना मानणारी बाई नव्हती. गावात कुणाला दृष्ट लागली, कुणाला कुणी दिसलं की ती पहिल्यांदा विचारायची, जेवला होता का? तिनं स्वतःलाही तेच विचारलं. जेवली होती. उकडलेल्या वालाच्या शेंगा, कांदा, भाकरी. पोट ठीक होतं.

दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला तोच आवाज आला. चढा नाही, घोगरा नाही. अगदी जवळून आणि खालून, जमिनीपासून हातभर उंचीवरून कुणी बोलावं तसा. "भिऊ नको."

तिनं चाळणी खाली ठेवली आणि तडक शेजारच्या उम्म लबीबकडे, म्हणजे लबीबच्या आईकडे गेली; गल्लीत बायकांना मुलाच्या नावानंच हाक मारायचे. उम्म लबीबकडे ट्रान्झिस्टर होता आणि त्याचा तिला फार अभिमान. भिंतीला भिंत लागून, तेव्हा आवाज तिथूनच येणार.

"अगं, दुपारी तरी तो बंद ठेवत जा. माझी सून झोपते."

"काय बंद ठेवू?" उम्म लबीब खाटेवरून उठून बसली. "तीन दिवस झाले सेल संपलेत. माझ्या नवऱ्याला सांगून सांगून तोंड दुखलं. तूच सांग आता त्याला. तुझं तरी ऐकेल, तुझ्या तोंडाला भितो तो."

बहीजानं ट्रान्झिस्टर हातात घेऊन मागचं झाकण उघडलं. आत सेल नव्हते. खाच रिकामी होती आणि तिथं एक मेलेली मुंगी होती.

"विश्वास नाही ना?" उम्म लबीब म्हणाली. "बघ, बघ. मुंगी गाणी म्हणत असेल."

बहीजा हसली. हसताना आपल्या तोंडाला कोरड पडली आहे हे तिच्या लक्षात आलं. घरी येऊन ती रांजणातलं दोन तांबे पाणी प्यायली.

३

मग ती लक्ष ठेवायला लागली. लक्ष ठेवलं की माणसाला नको ते दिसतं, हे तिलाही कळत होतं.

फेब्रोनिया भट्टीघरात नसेल तेव्हा आवाज येत नसे. बहीजानं एकटीनं तासभर बसून पाहिलं. झरोक्यातून उन्हाचा पट्टा सरकायचा, रांजण पाझरायचा, छपरावरची कबुतरं घुमायची. बाकी काही नाही. फेब्रोनिया येऊन आडवी झाली, तिचा श्वास लांबला, की थोड्या वेळानं कबुतरं गप्प व्हायची. सगळी एकदम. नंतर आवाज यायचा.

म्हैस मबरूका रोज भट्टीघराच्या दारावरून गोठ्यात जायची. ती आता दुपारी त्या दारापाशी आली की चारी पाय रोवून उभी राहायची. वदीदनं एकदा मागून रेटलं तर म्हशीनं गुडघे टेकले. मारलं तरी उठेना. ऊन कलल्यावर आपली आपण उठली आणि मुकाट आत गेली. "म्हातारी झाली," वदीद म्हणाला. खाणीतून दमून आलेला माणूस, त्याला पुढे विचार करायला सवड नव्हती.

आणि एक होतं. चाळताना उडालेलं पीठ जमिनीवर बसतं, चटईच्या भोवती त्याचा पातळ थर असायचा. आठ तारखेला बहीजा झाडू घेऊन आली तर चटईच्या कडेला त्या पिठात दोन खड्डे होते. शेजारी शेजारी, गोल, मोठ्या वाडग्याच्या तळाएवढे. पीठ तिथं दाबलं जाऊन कडक झालं होतं. वाडगी कुणी ठेवली असतील? पण एवढी वाडगी घरात नव्हती. तिनं बोटांनी चाचपून पाहिलं. थंड मातीच्या त्या खोलीत तेवढ्या दोन जागा कोमट लागल्या.

तिनं झाडू मारला आणि कुणाला काही सांगितलं नाही. फेब्रोनियाला तर नाहीच. गरोदर बाईच्या कानावर असलं काही घालायचं नसतं. एवढी अक्कल तिला होती.

४

गावचे पाद्री अबूना बिसन्ती चर्चच्या ओट्यावर मुलूखियाच्या भाजीची पानं खुडत बसले होते. हे काम त्यांच्या बायकोनं लावून दिलेलं, त्यामुळे कुणी बोलायला आलं की त्यांना बरं वाटायचं.

"ये, उम्म वदीद. बस आणि खुड. पुण्य लागेल."

बहीजा बसली. दहा-बारा काड्या खुडून झाल्यावर म्हणाली, "अबूना, देवदूत येतो तेव्हा आधी काय म्हणतो?"

"'भिऊ नको' म्हणतो. जखऱ्याला म्हणाला, मरियेला म्हणाला, मेंढपाळांना म्हणाला."

"सगळ्यांना तेच?"

"कारण सगळेच भितात. चित्रात काढतात तसा गुबगुबीत गालांचा असता तर कशाला कोण भ्यायलं असतं? उलट म्हणाले असते, ये बाळ, खजूर खा."

"आणि त्याच्यापुढं?"

"पुढं निरोप. तो देवाचा सांगकाम्या. दिलेला निरोप सांगितला की निघाला."

बहीजानं एका काडीची पानं फार सावकाश खुडली. "आणि निरोप सांगितलाच नाही तर? रोज यावं आणि नुसतंच 'भिऊ नको' म्हणावं, असं झालं तर?"

अबूनांची बोटं थांबली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पण कोण, कुठं, असं काही विचारलं नाही. म्हातारा माणूस, पुष्कळांच्या उशाशी बसलेला.

"मग ज्याला सांगायचं तो अजून भितोय," ते म्हणाले. "भीती जाईपर्यंत निरोप कसा सांगणार? भ्यालेल्या माणसाला काय ऐकू जातं?"

"मी नाही भीत," बहीजा म्हणाली.

"मी कुठं तुझं नाव घेतलं?" अबूना म्हणाले, आणि परत पानं खुडायला लागले.

५

खरं सांगायचं तर ती भीत होती. जिवाचं पाणी झालं होतं तिच्या.

कारण देवदूत मिखाईल नुसते चांगले निरोप आणत नाही. माणूस जातो तेव्हा त्याचा जीव हातावर घेऊन जाणारा तोच, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा खल्ला गेला, तोही दुपारचाच. ताप होता, पण शुद्धीवर होता. बोलता बोलता त्यानं दाराकडे पाहिलं आणि खाटेवर पाय आखडून घेतले, कुणाला बसायला जागा करून द्यावी तसे. बहीजानं वळून पाहिलं तर दारात कुणी नव्हतं. परत वळली तेव्हा खल्ला गेला होता. आखडलेले पाय तिनंच सरळ केले होते.

मग आता हा कुणासाठी आलाय? सुनेसाठी की बाळासाठी? आणायला की न्यायला?

रात्रभर तिनं विचार केला आणि पहाटे तिला वाट सुचली. वाट कसली, आडवाट. तिच्या एका दिराला कोर्टाची नोटीस आली होती, तेव्हा तो मागच्या दारानं उसात पळाला. नोटीस हातात घेतलीच नाही तर पुढचं कसं चालणार, असं तो म्हणायचा. आणि त्याचं बराच काळ निभावलंही. निरोपाचंही तसंच असणार. भीती गेली की निरोप येणार ना? मग आपण भीतच राहायचं. ऐकायचंच नाही.

तिनं फेब्रोनियाची चटई उचलून आतल्या खोलीत टाकली, भट्टीघराला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या क्रूसाच्या दोऱ्यात ओवली. फतीर करायचे नाहीत असंही ठरवलं. त्याच्या नावानं भाजायचं म्हणजे त्याला घरचा पत्ता सांगण्यासारखंच. नवस मोडतोय हे तिला कळत होतं. आपलं पाप आपण भोगू, पण घरातलं माणूस जायला नको, असा तिचा हिशेब होता. नातवंडाच्या जिवापुढं तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

"पिठाला जाळी लागली," तिनं सगळ्यांना सांगितलं. "सगळं वाया गेलं. आता एवढं पीठ दोन दिवसांत कुठून आणू?"

"माझ्याकडचं ने," उम्म लबीब म्हणाली.

"तुझ्याकडचं तुझ्या मुंगीला घाल," बहीजा म्हणाली, आणि विषय तिथं संपवला.

फेब्रोनिया तेवढी म्हणाली, "यम्मा, मला तिथंच झोप लागायची."

"इथंही लागेल. डोळे मीट म्हणजे लागते."

दहा तारीख गेली. अकरा गेली. घरात कुणी "भिऊ नको" म्हणालं नाही. बहीजाला हायसं वाटायला हवं होतं. पण अकराच्या संध्याकाळी फेब्रोनिया पोटावर दोन्ही हात ठेवून बसलेली तिला दिसली.

"काय गं?"

"परवापासून हलत नाही," फेब्रोनिया म्हणाली. "तुम्ही खोली बदललीत तेव्हापासून. आतल्या आत अंग चोरून बसल्यासारखं झालंय."

"भरत आलं की बाळं निवांत होतात," बहीजा म्हणाली. तिनं गळ्यातली किल्ली मुठीत धरली.

६

बारा तारखेला सकाळी गल्लीभर फतीर भाजल्याचा वास सुटला आणि फेब्रोनियाला कळा सुरू झाल्या.

ज़रीफा आली. वदीद डॉक्टरला आणायला नदीपार गेला. होडी भरेपर्यंत निघत नाही, तेव्हा तो संध्याकाळच्या आत परतायचा नव्हता. इकडं दारात एकामागून एक ताटं यायला लागली. उम्म लबीबकडून पाच फतीर, वरच्या घरातून चार, अबूनांच्या बायकोकडून सहा. ज्या घरात भाजलं नाही तिथं आधी पोचवायचं, अशी रीत. प्रत्येक बाई म्हणायची, "देवदूत तुमच्या पाठीशी उभा राहो." आणि दर वेळी बहीजा पाठीमागं वळून बघायची. तिनं ताटांवर फडकं घातलं. एक तुकडाही तोंडात घालवेना.

दुपार झाली. कळा होत्या, पण काम पुढं सरकत नव्हतं. ज़रीफा बहीजाला दाराबाहेर घेऊन आली. तिच्या हातांना तेल होतं, ते ती पदराला पुसत होती.

"तसंच चाललंय," ती हळू आवाजात म्हणाली. "खाली येतं आणि वर सरकतं. मागच्या खेपेसारखंच. तिच्यातही आता जोर राहिला नाही. डॉक्टरची वाट बघण्याइतका वेळ नाही, उम्म वदीद. तुला लपवून काय उपयोग."

बहीजा आत गेली. फेब्रोनियाचे ओठ पांढरे पडले होते. तिनं सासूचा हात धरला आणि स्वतःकडे ओढला.

"यम्मा, मला भट्टीघरात न्या."

"तिथं काय आहे?"

"तुम्हाला माहीत आहे काय आहे ते."

ज़रीफानं एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं.

"पाचव्या महिन्यापासून ऐकतेय मी," फेब्रोनिया म्हणाली. दोन शब्दांच्या मध्ये ती थांबत होती. "तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही घाबराल म्हणून."

आपण सुनेला जपत होतो आणि सून आपल्याला.

"तो आपल्याशी बोलत नाही, यम्मा. तुमच्याशी नाही, माझ्याशी नाही. तो बोलला की आत हे वळायचं. त्याच्याकडे. कान देऊन ऐकावं तसं." कळ आली आणि तिनं दात आवळले. गेली तेव्हा म्हणाली, "हे भितंय बाहेर यायला. आधीचे दोघेही भीत होते. त्यांना सांगायला कुणी आलं नव्हतं. याला आलंय. आणि तुम्ही दार लावून घेतलंत."

हे सगळं दुखण्यात बरळणं असू शकत होतं. बहीजाचं डोकं तेच सांगत होतं. कळांनी बेजार झालेली बाई काहीही बोलते. आणि समज, नसलं बरळणं, तरी तो न्यायलाच आला नाही कशावरून? खल्लाच्या वेळी तिनं दार लावलं नव्हतं. या वेळी लावलंय. आता आपल्याच हातानं उघडायचं आणि सून-नातवंडाला त्याच्यासमोर नेऊन ठेवायचं? नाही म्हटलं तर इथं दोघंही जातील, ते तर डोळ्यांसमोर होतं.

तिनं गळ्यातला दोरा ओढला. तो तुटला. किल्ली आणि क्रूस दोन्ही तिच्या मुठीत आले.

७

दोघींनी मिळून फेब्रोनियाला अंगणातून नेलं. ऊन डोक्यावर होतं. छपरावर कबुतरं ओळीनं बसली होती आणि एकही घुमत नव्हतं. गोठ्यात मबरूका गुडघे टेकून बसली होती.

कुलूप निघालं. आत गार होतं. ज़रीफानं चटई अंथरली, फेब्रोनियाला टेकवलं आणि कुरकुरली, "इथं अंधार किती. झरोका कुणी बुजवला?"

झरोका बुजवलेला नव्हता. बहीजाला दारातून तो दिसत होता, वर, लखलखीत उघडा. उन्हाचा पट्टा आत येत होता, पण जमिनीपर्यंत पोचत नव्हता. मध्येच कशावर तरी अडत होता.

पहिल्यांदा तिला कळलंच नाही. छताला लागून जे होतं ती पाठ होती. तो उभा नव्हता. गुडघ्यांवर बसला होता, चटईच्या कडेला, पिठात. बसूनही पाठ छताला टेकत होती, म्हणून तो आणखी वाकला होता, दुमडून, अवघडून, अंग जमेल तेवढं लहान करून. आणि डोकं खाली नेलं होतं, फेब्रोनियाच्या पोटापाशी, कानात सांगायला वाकतात तसं. चेहरा पलीकडे होता. तो दिसला नाही, याबद्दल बहीजानं पुढं जन्मभर देवाचे आभार मानले. पाठीवरून ऊन सरकत होतं, आणि जिथून सरकायचं तिथं काहीतरी मिटत आणि उघडत होतं. ते काय होतं हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही.

तिनं डोक्यावरची काळी ओढणी तोंडावर ओढून घेतली, भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणायला लागली, मोठमोठ्यानं, जितका घसा साथ देईल तितक्या मोठ्यानं. त्यातून तिला ऐकू आलं. "भिऊ नको." आणि या वेळी तो तिथं थांबला नाही. पुढं बोलत राहिला, खालच्या आवाजात. निरोप होता. बहीजानं कानांवर हात दाबले आणि प्रार्थना आणखी ओरडून म्हटली, एकदा, दोनदा, तीनदा. मध्येच ज़रीफा म्हणत होती, "आलं, आलं, आता सोडू नको पोरी, येतंय."

चौथ्यांदा ती "रोजची भाकर" इथपर्यंत आली होती. तेव्हा बाळ रडलं.

तिनं ओढणी काढली. उन्हाचा पट्टा जमिनीवर पडला होता. छपरावर कबुतरं घुमत होती. ज़रीफाच्या हातात लालबुंद पोर होती, मुठी आवळलेली, आणि ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडत होती.

"मुलगी," ज़रीफा म्हणाली, आणि तीही रडायला लागली. "घसा आजीवर गेलाय."

८

डॉक्टर संध्याकाळी आला. त्यानं दोघींना तपासलं, सगळं उत्तम आहे म्हणाला, चार फतीर खाल्ले आणि शेवटच्या होडीनं परत गेला. वदीद मुलीकडे बघत बसला होता. बघता बघता तिथंच त्याला झोप लागली.

बहीजा सुनेला कालवणात भिजवलेली भाकरी भरवत होती. तिच्या मनात इतकं दाटून आलं होतं की कुणाचे पाय धरावेत असं तिला झालं होतं. धरायला समोर होती ती सूनच.

"पोरी, मी चुकले," ती म्हणाली. "पिठाला जाळी लागली नव्हती. मी खोटं बोलले. नवस मोडला. दार लावून बसले. तू नसतीस तर मी माझ्या हातानं..."

"पीठ मीच तर भरून ठेवलं होतं, यम्मा. मला माहीत होतं."

"आणि तरी गप्प राहिलीस?"

"तुम्ही माझ्यासाठीच करत होतात ना."

बहीजानं ताट बाजूला ठेवलं. बाळ झोपलं होतं. तिनं त्याच्या अंगावरचं फडकं सारखं केलं, आणि मग जे विचारायचा तिला धीर होत नव्हता ते विचारलं.

"तू ऐकलंस? मी माझ्याच ओरडण्यात होते. 'भिऊ नको' म्हणाला, ते मला कळलं. पुढं काय म्हणाला?"

"ऐकलं."

"सांगण्यासारखं आहे?"

फेब्रोनिया जरा हसली. दमलेली होती, पण हसली. "मला आधी कळेचना तो कुणाबद्दल बोलतोय. गल्लीत सगळे तुम्हाला उम्म वदीद म्हणतात, मी यम्मा म्हणते. तुमचं नाव मी लग्नाच्या दिवशी एकदा ऐकलं होतं, तेवढंच."

बहीजा आणखी जवळ सरकली.

"तो म्हणाला, 'भिऊ नको. बाहेर बहीजा आहे.'"

खल्ला गेल्यापासून त्या नावानं तिला कुणी हाक मारली नव्हती, आणि खल्लाही ते क्वचितच घ्यायचा. स्वर्गातून निघालेल्या त्या सांगकाम्याजवळ एवढाच निरोप होता. चार महिने तो तोच घेऊन त्या बुटक्या खोलीत वाकून बसला होता.

"पण मी तर दार लावलं होतं," ती म्हणाली.

"त्याला ठाऊक होतं की. तरी तुमचंच नाव सांगितलं."

बहीजानं डोळे पुसले नाहीत. वाहू दिले. हात मात्र ओढणीला नीट पुसले, वाकली आणि बाळाला उचलून छातीशी धरलं. बाळ चुळबुळलं, तोंड वेडंवाकडं केलं, रडायच्या बेतात आलं.

"आहे गं," बहीजा म्हणाली. "आहे मी."